पश्चिमेची भिंत

भूरारामजी चेजारा. आधी नाव लिहून ठेवते. चेजारा म्हणजे जयपूरकडचा गवंडी. माझं रडगाणं एकदा सुरू झालं की ज्याचं नाव घ्यायचं तोच माणूस मागं राहतो, म्हणून आधी नाव. माझी मंगल आता दीड वर्षाची आहे, मे-जूनच्या दुपारीसुद्धा गाढ झोपली, ती या माणसामुळं. माझं शिक्षण सातवीपर्यंत. आटपाडीकडं शाळा सुटली ती सुटलीच. लिहिण्यात चूकभूल होईल, पण नावात होऊ नये.

दिसायला काही खास नव्हते. बुटके, पाठीत वाकलेले, डोक्याला एक साफा. तो मुळात गुलाबी होता की केशरी हे चुन्यामुळं कधी कळलं नाही. पापण्यांना केस नव्हते. खोकला मात्र मोठा होता, आधी खोकला जिना चढायचा आणि मग ते. पण लक्षात राहायचे ते हात. लहानपणापासून चुन्यात घालून घालून तळवे असे झालेले, की त्यांवर एक रेघ शिल्लक नव्हती. रेशनच्या कचेरीत अंगठा द्यायची वेळ आली की कागदावर नुसता शाईचा गोळा उठायचा. कारकून ओरडायचा, "बाबा, ठीक से लगाओ!" हे म्हणायचे, "ठीक से ही लगाया है साहब, इतना ही बचा है."

त्या तळव्यांना ऊन-गार काही कळायचं नाही. म्हणून कुठल्याही घरात गेले की हाताची पाठ भिंतीला लावायचे. आई लेकराचं कपाळ बघते तशी. आणि सांगायचे, "इस भींत को बुखार है." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू यायला हवं होतं. मी हसले नाही, कारण त्या दिवसांत मी हसतच नव्हते.

आता ते सांगावंच लागेल.

माझे मालक गलाईवाले. सोन्याचांदीची मोड वितळवून शुद्ध करायचं काम. आमच्याकडची निम्मी गावं या धंद्यापायी देशभर पांगलीत, तसे आम्ही जयपूरला आलो. भट्टी जौहरी बाजारच्या मागं आणि बिऱ्हाड चांदपोलच्या आत, तिसऱ्या मजल्यावर, एका खोलीत. ती खोली मी पसंत केली होती. मालक म्हणत होते, खालची घेऊ, अंधारी असली तरी असू दे. मी हट्ट धरला, कारण वरच्या खोलीला पश्चिमेला मोठी खिडकी होती. आमच्याकडं घर बघताना बाया आधी विचारतात, पश्चिमेचा वारा येतो का? उन्हाळ्यात दुपार कलली की तिकडून गार झुळूक येते, तिथंच बाज टाकायची, तिथंच लेकराची झोळी बांधायची. आईनं केलं, आजीनं केलं, मी पण केलं. दत्तू आठ महिन्यांचा होता. मे महिना. लाइट गेलेली, पंखा बंद. मी खिडकी सताड उघडली आणि झोळी वाऱ्यात बांधली.

वारा आला. भट्टीचं तोंड उघडल्यासारखा आला. मला वाटलं, आता थांबेल, आता गार होईल. गावाकडं होतो. मी वाट बघत बसले.

संध्याकाळी दत्तू तापानं फणफणला. दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात त्यानं जीव सोडला. सगळे म्हणाले, लू लग गई, म्हणजे तापलेला वारा बाधला. घरमालकीण म्हणाली, "इन दखनी लोगों को इतना भी नहीं पता." मालक काहीच म्हणाले नाहीत. ते काही म्हणाले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर पावसाच्या आधी घरमालकानं गच्ची दुरुस्तीला काढली. कामाला भूरारामजी. एकदा पाणी प्यायला आमच्या दारात आले. तांब्या तोंडापासून वर धरून प्यायले, सवयीनं हाताची पाठ भिंतीला लावली आणि त्यांची नजर खिडकीच्या वरच्या कडीवर गेली. झोळीची दोरी मी अजून सोडली नव्हती.

"यहाँ कौन सोता था, बाई?"

मी तोंडाला पदर लावला. ते पुढं काही विचारतील असं वाटलं, पण ते खाली उंबऱ्यावर बसले.

"तेरे देस में पच्छिम की हवा ठंडी होती होगी," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"यहाँ पच्छिम में रेत है. कोस के कोस रेत. हवा उस पर से तपकर आती है. तुझे किसी ने बताया नहीं." मग त्यांच्या बोलीत म्हणाले, "थारो दोष कोनी."

तुझा दोष नाही. बस एवढंच. रिकामा तांब्या खाली ठेवला आणि खोकत वर गेले. दीड महिना मी जे वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकायला आसुसले होते, ते एका अनोळखी म्हाताऱ्यानं पाण्याच्या बदल्यात दिलं. त्या दिवशी मी दोरी सोडली.

पुढं मानसरोवरच्या नव्या वसाहतीत आम्हाला लहानसा प्लॉट मिळाला. तेव्हा तिकडं वाळू, बाभळी आणि आखलेले रस्ते एवढंच होतं. मला परत दिवस गेले होते. मार्चची तारीख होती, म्हणजे लेकरू दोन महिन्यांचं होतंय तोवर मे. मला रात्रंदिवस तेवढाच हिशेब. मालकांनी वहीच्या कागदावर घराचा नकाशा काढला. तोंड पश्चिमेला, पुढं व्हरांडा, दोन मोठ्या खिडक्या, वर स्लॅब. एवढं झालेलं असून परत पश्चिमच! त्यांचा दोष नाही, हात आपोआप तसा वळतो. मी म्हणाले, "भूरारामजींना बोलवा, नाहीतर मी त्या घरात पाय ठेवणार नाही." लग्नानंतर पहिल्यांदा मी असं बोलले असेन.

ते आले आणि काहीच केलं नाही. मोकळ्या प्लॉटच्या मध्यात एक काठी रोवली आणि शेजारी बसले, सकाळी कोवळ्या उन्हापासून दिवे लागेपर्यंत. काठीची सावली जिथं जिथं गेली तिथं खडे ठेवत गेले. मालक दुपारी डबा घेऊन आले, बघितलं आणि माझ्याजवळ कुरकुरले, "हे असं बसून राहणार असतील तर पोर शाळेत जाईल तरी घर व्हायचं नाही."

संध्याकाळी भूरारामजींनी नकाशा मागितला. सरळ न धरता फिरवून उलटा धरला. "अब ठीक है," म्हणाले. दार पूर्वेला गेलं. पश्चिमेला जिना, मोरी, अडगळीची खोली. "जिसमें साँस नहीं, उसको पच्छिम में रखो. घाम वो खाए." घाम म्हणजे त्यांच्याकडं ऊन. पश्चिमेची भिंत दुहेरी, मध्ये वीतभर पोकळी, खिडकी एकही नाही. दक्षिणेच्या खिडकीवर छज्जा, काठीच्या सावलीवरून मापलेला. उन्हाळ्यातला सूर्य डोक्यावर असतो तो आत येऊ नये आणि थंडीतला खाली असतो तो यावा. छताखाली समोरासमोर झरोके, गरम हवा वर जाते तिला वाट पाहिजे म्हणून.

मालक ऐकून घेत होते, पण एकेक गोष्ट गिळताना त्रास होत होता. शेवटी म्हणालेच, "बाबा, हम तो भट्टी के सामने बैठनेवाले आदमी. हमको गरमी का क्या बताते हो?"

"भट्टी को अंदर से मिट्टी काहे को लीपते हो?"

"आँच बाहर नहीं जानी चाहिए, इसलिए."

"बस. तुम आँच को अंदर रोकते हो, मैं बाहर रोकता हूँ. धंधा तो एक ही हुआ, मिस्त्री."

मालक माझ्याकडं बघून हसले. घरात कितीतरी महिन्यांनी कुणी हसलं होतं. त्यानंतर त्यांनी भूरारामजींशी वाद घातला नाही. एकदा सोडून.

तो वाद छताचा. मालकांना स्लॅब पाहिजे होता. गावाकडं आमचं मातीचं माळवद, आयुष्यभर डोक्यावर माती घेऊन झोपलेला माणूस परदेशी येऊन पुन्हा मातीच का घालेल? पण भूरारामजी अडून बसले. दगडाच्या लाद्या, त्यांवर कुंभाराकडची कोरी मडकी पालथी, एकाला एक चिकटून, आणि वरून चुन्याचा कोबा. शेजारी माथुरांचं घर आमच्याआधी स्लॅब पडून उभं राहिलं होतं. माथुरबाई गच्चीवरून बघायच्या. "अरे मराठन, कुम्हार का ब्याह है क्या छत पर?" त्यांची पोरं मडकी मोजायची आणि चुकली की पुन्हा पहिल्यापासून.

मला त्यांच्या हसण्याचं काही वाटलं नाही. मला भीती होती ती दुसरीच. आमच्याकडं नवं कोरं मडकं म्हटलं की कशाची आठवण येते, ते मला लिहायला लावू नका. सासूबाईंचं कार्ड आलं होतं, "लेकरू गेलेल्या घराने छपरावर पालथी मडकी घालावी, हे कोणत्या शहाण्याने सांगितले?" कार्ड वाचलं आणि माझा धीर सुटला. दुसऱ्या दिवशी कामगार यायच्या आधी, पोट सांभाळत शिडीवरून चढले आणि एका कोपऱ्यातली मडकी सुलटी करून ठेवली. हाताला लागतील तेवढी.

भूरारामजी आले. वर बघितलं. मी खाली उभी, हाताला माती. त्यांनी कामगारांना खालीच थांबवलं आणि मला विचारलं, "क्या हुआ, बाई?"

मी सांगितलं. मडक्याचं, कार्डाचं, सगळं. हिंदीत सांगता येईना तेव्हा मराठीत सांगितलं. किती समजलं देव जाणे.

त्यांनी एक मडकं उचललं. "सीधा रखूँगा तो चूना भर जाएगा. चूना भर गया तो ये पत्थर हुआ, पत्थर तपेगा और सारी रात तपाएगा. उल्टा है तो इसमें हवा बंद है. बंद हवा कहीं जाती नहीं, आँच को नीचे उतरने नहीं देती." मग मडकं माझ्या हातात देत म्हणाले, "तू बोल. दत्तू की बहन को हवा चाहिए कि पत्थर?"

दत्तूचं नाव मी त्यांना एकदाच सांगितलं होतं. बहीण होणार हे तर मलाही माहीत नव्हतं. ते मडकं मी पालथं घातलं. बाकीची त्यांनी घातली, कामगारांना हात लावू दिला नाही.

कोबा घालायला अकरा दिवस गेले. गूळ आणि मेथीचं पाणी शिंपायचं आणि सात-आठ बायांनी लाकडी थापी घेऊन ओळीनं ठोकत राहायचं. मीही जाऊन बसायची. भूरारामजी रागावले. मी ऐकेना म्हणून कोपऱ्यात कोळशानं एक चौकोन आखून दिला, परातीएवढा. "ये तेरा. इसके बाहर हाथ नहीं." अकरा दिवस मी तेवढाच चौकोन ठोकला. कच्चा चुना ओल्या गोणीसारखा वाजतो. ठोकून ठोकून एके दिवशी खणखणीत वाजायला लागतो. तो आवाज माझ्या कोपऱ्यातून आला तेव्हा सगळ्या बाया थांबल्या आणि भूरारामजी म्हणाले, "लो, मराठन भी चेजारन हो गई." ती थापी त्यांनी परत नेली नाही.

मंगल मार्चमध्ये झाली. काम संपवून जाताना भूरारामजींनी मला घर चालवायला शिकवलं. त्यांचा शब्द तोच, चलाना. "गाड़ी चलाते हैं ना, वैसे घर भी चलाना पड़ता है." ऊन अंगणात उतरायच्या आत खिडक्या बंद, पडदे ओले. दिवस मावळला की सगळं उघडं. चैत्रात गच्चीला पांढरा चुना. पश्चिमेला कडुलिंब, तो मोठा होईपर्यंत धीर. मी सगळं पाळलं, देवाचं पाळते तसं. तरी मे लागला आणि माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. मंगलला मांडीवर घेऊन मी पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बसायची. दर तासाला. हाताची पाठ. मालक भट्टीवरून आले की विचारायचे, "काय म्हणते भिंत?"

जूनमध्ये आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळाला. पाच दिवस लाइट नाही. नव्या वसाहतीतल्या नव्या घरांत कूलर नुसते उभे. दुसऱ्या दिवशी दुपारी माथुरबाई पोरं घेऊन दारात आल्या. "मराठन, थोड़ी देर बैठें क्या?" आत येऊन फरशीवर बसल्या, वर बघितलं. "हँसी थी मैं," म्हणाल्या. "अब मुझे भी कुम्हार का पता दे दे." रोज येऊ लागल्या. त्यांच्या स्लॅबखाली पोरांच्या अंगावर पुरळ उठलं होतं.

चौथ्या दिवशी मंगलचं अंग तापलं.

मला दुसरं काही दिसलंच नाही. तोच उन्हाळा, तीच वेळ. माथुरबाई "ठहर, ठहर" म्हणत राहिल्या आणि मी लेकराला पदराखाली घेऊन भर उन्हात बाहेर पळाले. पलीकडच्या सेक्टरचं काम चालू होतं आणि भूरारामजी तिथं राहत होते एवढं माहीत होतं. कसे राहत होते ते त्या दिवशी बघितलं. पत्र्याची खोपटी. चार बाजूंनी पत्रा, वर पत्रा, पत्र्यावर वाळलेली गोणी. दाराशी उभं राहवत नव्हतं. आत ते खाटेवर बसून खोकत होते.

मला बघून उठले आणि जन्मात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले, "बच्ची को बाहर लाई? मैंने घर किसलिए बनाया?"

अंगावरचा पंचा मडक्यात बुडवून मंगलवर टाकला आणि तिला स्वतःच्या सावलीत घेऊन माझ्या घरापर्यंत चालत आले. वाटेत दोनदा थांबले, दम लागला म्हणून. घरात शिरल्यावर आधी मंगलकडं गेले नाहीत. आधी पश्चिमेच्या भिंतीला हाताची पाठ लावली. मग स्टुलावर चढून छताला, खालून. मग मंगलच्या कपाळाला. तो हात काय सांगणार, एवढ्यावर सगळं होतं.

"भींत ठंडी है," ते म्हणाले. "छत ठंडी है. ये लू नहीं है, बाई. बच्ची को बुखार है, जैसा बच्चों को होता है. धूप उतरे तो डॉक्टर को दिखा दे." आणि मग, "थारो दोष कोनी." दुसऱ्यांदा.

तापच होता. कान दुखत होता तिचा. तीन दिवसांत उतरला.

मी म्हणाले, "बाबा, दुपारभर इथंच पडा. निदान ऊन उतरेपर्यंत."

"काम पर हूँ," म्हणाले. "और चेजारा जिस घर में सोने लगे, उसमें ऐब दिखने लगते हैं." असं म्हणून हसले, त्या हसण्याचा खोकला झाला आणि गेले.

मी पूर्वेच्या दारातून बघत राहिले. मध्ये नुसती मोकळी वाळू, पलीकडचं काम दारातून दिसायचं. कामावर एक अर्धवट भिंत उभी होती, तिच्या कडेनं सावलीची हातभर पट्टी. त्या पट्टीत कामावरच्या बायांची पोरं ओळीनं निजलेली, पाय ठेवायला जागा नव्हती. भूरारामजी तिथवर गेले, वर सूर्याकडं बघितलं, खाली जमिनीकडं बघितलं आणि पट्टीच्या बाहेर, निव्वळ उन्हात, बसले. मला वाटलं, म्हाताऱ्याला भोवळ आली. मग ध्यानात आलं. दिवस कलत होता, सावली पूर्वेला सरकत होती. ती कुठवर येईल ते त्यांना ठाऊक होतं. तिथं आधी जाऊन बसले होते, ती यायची वाट बघत. ती त्यांच्या गुडघ्यापर्यंत आली तेव्हा मंगल रडली आणि मी आत वळले. नंतर बघितलं तर ते कामाला लागले होते.

ते मला तेवढेच शेवटचे दिसले. त्याच आठवड्यात त्यांना गावी नेलं, त्याला आता सव्वा वर्ष झालं. छातीत चुना आणि दगडाची धूळ भरलीय, असं कोबा ठोकणाऱ्या बायांपैकी एकीनं सांगितलं. बगरूच्या पुढं दोन कोसांवर गाव आहे. मी तिला विचारलं, घर कसं आहे त्यांचं? ती म्हणाली, एक खोली, वर नुसत्या दगडी लाद्या, तोंड पश्चिमेला. बापानं बांधलेली. स्वतःची नीट करायला त्यांना सवडच झाली नाही. आता त्या दाराशी खाटेवर पडून असतात.

आता परत मार्च येईल, त्यामागून मे. त्यांच्या गावी जायचं म्हटलं की मालक म्हणतात, भट्टी सोडून इतके दिवस कसं जमायचं, पोर लहान, परका मुलूख. खरं आहे. मला भीती वाटते की मी उशीर करेन, मागं एकदा वाट बघत बसले होते तशी. पण कुंभाराला सांगून ठेवलंय, जिन्याखाली मडकी जमत आहेत, आणि थापी माझ्याकडंच आहे. या थंडीत नाही तर पुढच्या, केव्हा ना केव्हा मी येईन, बाबा. तुमच्या छपरावर मडकी पालथी घालीन आणि सगळा कोबा माझ्या हातानं ठोकीन, खणखणीत वाजेपर्यंत.